कीबोर्डला ‘ळ’ माहीतच नसतो

लॅबमधल्या कॉम्प्युटरवरून आजीला घाईत मेसेज केला. ‘ळ’ काही सापडेना, म्हणून ‘ल’वर भागवलं: ‘आज वेल नाही.’ तिचं उत्तर आलं, ‘कसली वेल गं?’

माझ्याकडे प्रोग्रॅम करता येणारा कीबोर्ड आहे. म्हटलं, त्यातच ‘ळ’ बसवून टाकू. पण गंमत अशी की कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. कोणतं बटण दाबलं, त्याचा फक्त क्रमांक पाठवतो. ‘ए’च्या बटणाचा क्रमांक ४. त्यातून अक्षर काढणं हे कॉम्प्युटरचं काम. यूएसबी कीबोर्डच्या क्रमांकांमध्ये ‘ळ’साठी जागाच नाही.

मग क्यूएमकेसारखं फर्मवेअर काय करतं? आपल्या वतीने भराभर बटणं दाबतं! युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ०९३३. लिनक्सवर फर्मवेअर कंट्रोल-शिफ्ट-यू, मग हे चार आकडे आणि शेवटी स्पेस पाठवतं. मॅकवर ‘युनिकोड हेक्स इनपुट’ निवडून ठेवायचं. मग फर्मवेअर ऑप्शन दाबून तेच आकडे टाइप करतं. विंडोजवर विनकंपोज नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी टाकलेला बरा. यातली कुठली पद्धत वापरायची, ते फर्मवेअरला आपण सांगायचं.

दुसरा घोळ लेआउटचा. फ्रान्समधल्या अझर्टीवर आकड्यांसाठी शिफ्ट लागतो, त्यामुळे ०९३३ ऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. मराठी लेआउट चालू असेल तरीही गडबड होते. नेहमीचा इंग्रजी क्वर्टी असेल तर काम सोपं.

जोडाक्षरं आणखी लांबतात. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्य’साठी तीन क्रमांक: ऱ, हलन्त, य. तिथे साधा ‘र’ गेला तर दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात.

म्हणून माझा सल्ला: पानभर मराठी लिहायचं असेल तर सिस्टिममधला इनस्क्रिप्ट लेआउट शिका. त्यात शिफ्ट-एनवर ‘ळ’ आणि शिफ्ट-जेवर ‘ऱ’ आहे. फर्मवेअर वापरा ते इंग्रजी मजकुरात मध्येच लागणाऱ्या दोन-चार मराठी शब्दांसाठी. क्यूएमकेमध्ये एका बटणावर अख्खं वाक्यही बसवता येतं. इंग्रजी ईमेलखाली स्वतःचं नाव देवनागरीत, ‘ळ’सकट, नीट लिहायला एवढं पुरतं.

मी एका बटणावर ‘वेळ मिळाला की फोन करते’ बसवलंय. आता आजी विचारते, ‘मग करतेस कधी?’