परका सारथी

टॅक्सी हा शहरी जीवनातील एक विलक्षण व्यवसाय आहे. बसणारा अनोळखी, चालविणारा अनोळखी. आणि तरीही रात्री-अपरात्री, कधी आजारी माणसाला घेऊन, कधी एकट्याने, आपण आपला जीव घटका-अर्धी घटका दुसऱ्याच्या हाती सोपवितो. म्हणूनच कोणतेही सरकार हा व्यवसाय केवळ वाहन चालविता येण्यावर सोडीत नाही. त्यासाठी वेगळा परवाना, वेगळी परीक्षा, वेगळी चौकशी ठेवलेली असते. आता प्रश्न असा की, हा परवाना परदेशातून मजुरीसाठी आलेल्या माणसाला द्यावा की नाही?

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण जगातील अनेक शहरांना तो पडला आहे, आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर निराळे दिले आहे. त्यांपैकी सिंगापूरचे उदाहरण सर्वांत उद्बोधक वाटते. या बेटाची लोकसंख्या २०२४ मध्ये ६० लाखांवर गेली, आणि त्यांपैकी १८ लाखांहून अधिक लोक कामासाठी किंवा शिक्षणासाठी बाहेरून आलेले होते. तेथील इमारती तमिळ व बंगाली मजूर बांधतात. घरकाम इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि म्यानमार येथील स्त्रिया करतात. सार्वजनिक बसगाड्यांवर मलेशियाचे आणि चीनचे चालकही असतात. मात्र टॅक्सीचा परवाना केवळ सिंगापूरच्या नागरिकाला, आणि तोही वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्याला मिळतो. ज्या परदेशी माणसाला साठ उतारूंची बस चालविता येते, त्याला चार उतारूंची टॅक्सी चालविता येत नाही. हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु त्याच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचा निवाडा करता येणार नाही.

बसचालक हा नोकर असतो. त्याला पगार आहे, कामाचे तास आहेत, त्याच्या वर्तनाची जबाबदारी घेणारा मालक आहे. सिंगापूरचा टॅक्सीचालक बहुधा नोकर नसतो. तो कंपनीकडून रोजच्या भाड्याने गाडी घेतो, भाडे आणि इंधन यांचा खर्च वजा जाता उरेल ती त्याची कमाई. उलट परदेशी मजुराला कामाचा परवाना मिळतो तो एका ठरावीक मालकाच्या नावाने. त्याचे वास्तव्यच त्या नोकरीला बांधलेले असते. मग ज्या धंद्यात मालकच नाही, त्यात हा परवाना द्यावयाचा कोणाच्या नावाने? त्याच्या आजारपणाचा खर्च, त्याची राहण्याची सोय, त्याचा परतीचा प्रवास यांची हमी कोण देणार? ही अडचण केवळ कागदोपत्री आहे असे मात्र समजू नये.

दुसरे कारण इतिहासात आहे. १९७० च्या आधी सिंगापुरात विनापरवाना टॅक्सींचा सुळसुळाट होता. त्या बंद करताना त्यांच्या चालकांना रस्त्यावर न सोडता, १९७० मध्ये तेथील कामगार संघटनेने टॅक्सीचालकांची एक सहकारी संस्था उभी केली आणि त्यांना सन्मानाचा धंदा मिळवून दिला. तेव्हापासून नोकरी गमावलेल्या मध्यमवयीन माणसाला टॅक्सी हा शेवटचा पण भरवशाचा आधार ठरला. ज्या देशात सर्वांना पुरेल असा बेकारभत्ता नव्हता, तेथे टॅक्सीचा परवाना हाच जणू विमा होता. तो विमा नागरिकांसाठी राखून ठेवावा, या भूमिकेला केवळ परक्यांचा द्वेष म्हणून बाजूला सारता येत नाही. थायलंडने तर १९७९ च्या आदेशानेच मोटार चालविणे हा व्यवसाय आपल्या नागरिकांसाठी राखून ठेवला.

आता दुसरी बाजू पाहू. राखीव जागेला अर्थ तोवरच असतो, जोवर ती घेणारे कोणी असतात. सिंगापुरातील टॅक्सींची संख्या २०१४ मध्ये २८ हजारांहून अधिक होती; २०२३ च्या अखेरीस ती १४ हजारांच्याही खाली आली. या घसरणीला परदेशी चालक कारणीभूत नव्हते. ते तर तेथे नव्हतेच. मोबाइलवरून मागविता येणाऱ्या खाजगी गाड्यांनी हा धंदा खेचून घेतला. तात्पर्य, परक्याला दाराबाहेर ठेवल्याने घर सुरक्षित राहते असे नाही.

जपानची कथा याहून वेगळी आहे. परदेशी मजुरांच्या बाबतीत तो देश फार सावध. परंतु चालक वृद्ध होत चालले, तरुण येईनात, आणि टॅक्सी कंपन्यांच्या चालकांची संख्या २०१९ ते २०२३ या चार वर्षांत सुमारे एकपंचमांशाने घटली. तेव्हा मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने विशिष्ट कुशल कामगारांच्या योजनेत ट्रक, बस आणि टॅक्सी यांचा समावेश केला व पाच वर्षांसाठी २४,५०० कामगारांची मर्यादा घातली. दार उघडले, पण उंबरठा उंच ठेवला. उतारू वाहून नेण्याचा वेगळा परवाना त्या चालकाने तेथील परीक्षा देऊनच मिळवावयाचा. आणि ट्रकचालकापेक्षा टॅक्सी व बस यांच्या चालकाला जपानी भाषा अधिक चांगली आली पाहिजे. कारण ट्रकमधील माल बोलत नाही, टॅक्सीतील माणूस बोलतो. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जपानात टॅक्सीचालक बहुतांशी कंपनीचा नोकर असतो. म्हणजे सिंगापूरला अडविणारा मालकाचा प्रश्न तेथे आपोआप सुटलेला आहे.

परंतु मालक असला म्हणजे सर्व काही सुरळीत होते, हेही खरे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये सिंगापुरातील १७१ चिनी बसचालक कामावर गेले नाहीत. मलेशियाच्या चालकांपेक्षा आपल्याला पगार कमी मिळतो आणि राहण्याची जागा वाईट आहे, अशी त्यांची तक्रार होती. तो संप बेकायदा ठरला. पाच जणांना तुरुंगवास झाला आणि एकोणतीस जणांना मायदेशी परत धाडण्यात आले. त्या देशात पाव शतकाहून अधिक काळात संप झाला नव्हता. एकाच कामाला दोन पगार दिले की काय होते, हे त्यावरून दिसते. त्यात परक्याची पिळवणूक होते आणि स्थानिकाचा दरही पडतो. नुकसान दोघांचे असते, लाभ तिसऱ्याचा.

मालक नसलेल्या परक्याची दशा काय होऊ शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्कने दिले आहे. तेथील पिवळ्या टॅक्सींचे बहुसंख्य चालक इतर देशांत जन्मलेले, आणि त्यांत आपल्या उपखंडातील लोक पुष्कळ. ते अल्पकाळच्या परवान्यावर आलेले मजूर नव्हेत, कायम वास्तव्यास आलेले लोक आहेत. १९३७ पासून तेथे टॅक्सींची संख्या मर्यादित असल्यामुळे परवान्याच्या बिल्ल्याचा बाजार निर्माण झाला, आणि २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याची किंमत दहा लाख डॉलरवर गेली. अनेकांनी कर्ज काढून तो घेतला. किंमत कोसळली, कर्ज तसेच राहिले. काही चालकांनी आत्महत्या केल्या. अखेर २०२१ मध्ये उपोषणानंतर शहराने कर्जमाफीची तडजोड मान्य केली. त्या शहराने परक्याला चालक होऊ दिले. परंतु कर्जाच्या सापळ्यापासून त्याला वाचविणारी व्यवस्था वेळेवर उभी केली नाही.

आपल्याकडे या चर्चेत एक घोटाळा वारंवार होतो, तो दूर केला पाहिजे. मुंबईच्या टॅक्सी आणि रिक्षा यांच्या परवान्यांवरून जो वाद होतो, तो परदेशी मजुरांचा नव्हे. तो एकाच देशातील नागरिकांमधील वाद आहे. संविधानाच्या कलम १९ ने व्यवसायाचे स्वातंत्र्य नागरिकांना दिले आहे. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी येण्याची सक्ती करणारे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये रद्द ठरविले. भाषा यावी ही अपेक्षा रास्तच आहे. इंदूर, हैदराबाद किंवा कोलकाता येथे स्थायिक झालेला मराठी मनुष्य तेथील भाषा शिकतोच. परंतु नागरिकाचा हक्क आणि पाहुण्याला दिलेली सवलत या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. परदेशी मजुराला हा हक्क जन्मतः नाही. त्याला काय द्यावयाचे, हे यजमान देशाने विचारपूर्वक ठरवावयाचे असते.

आणि येथे आपल्याला तटस्थ राहता येत नाही, कारण या प्रश्नात आपण पाहुण्याच्याही बाजूला उभे आहोत. दुबईच्या टॅक्सीत बसा. चालक केरळचा, पंजाबचा, नाही तर पाकिस्तान-बांगलादेशचा असण्याचाच संभव अधिक. आपल्या माणसाला तेथे जो न्याय मिळावा असे आपणांस वाटते, तोच निकष सर्वत्र लावणे प्राप्त आहे.

माझ्या मते, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येणार नाही. जेथे टॅक्सी ही पगाराची नोकरी आहे, मालक उत्तरदायी आहे आणि स्थानिक मनुष्य खरोखरच मिळत नाही, तेथे परदेशी कामगाराला मज्जाव करण्याचे कारण नाही. मात्र त्याने तीच परीक्षा द्यावी, तेथील भाषा व रस्ते शिकावेत, आणि त्याला स्थानिकाइतकेच वेतन मिळावे. यांतली वेतनाची अट सर्वांत महत्त्वाची. कारण तीच स्थानिक चालकाचे खरे संरक्षण करते. जेथे चालक गाडी भाड्याने घेऊन स्वतःच्या जोखमीवर धंदा करतो, तेथे अल्पकाळच्या परवान्यावर आलेल्या माणसाला उतरविणे म्हणजे त्याला भाड्याच्या ओझ्याखाली एकटे सोडणे होय. तेथे दीर्घकाळ राहिलेल्यांपुरताच हा व्यवसाय मोकळा ठेवणे शहाणपणाचे.

उतारूला चालकाचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, याच्याशी कर्तव्य नसते. गाडी नीट चालावी, भाडे वाजवी असावे आणि आपण सुखरूप पोहोचावे, एवढेच त्याला हवे असते. ज्या चालकाची झोप पूर्ण झालेली आहे आणि मिळकतीची विवंचना ज्याला नाही, तोच हे करू शकतो. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने नागरिकत्वाच्या रकान्याबरोबर हेही पाहिले, तर देशी आणि परदेशी या दोघांचेही हित साधेल.