नवजात बालकाचे कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व

प्रसूती सुखरूप झाली, बालकाचे वजन चांगले भरले, म्हणजे घरातील मंडळी निश्चिंत होतात. अशा बालकास सातव्या-आठव्या दिवशी अकस्मात झटके येऊ लागले, तर आजही कोठे कोठे ‘दृष्ट लागली’ किंवा ‘पाचवीच्या पूजेत काही उणे राहिले’ असे म्हटले जाते आणि उपचाराचा मोलाचा वेळ अंगारे-धुपाऱ्यात जातो. झटक्यांची कारणे अनेक आहेत. जंतुसंसर्ग किंवा रक्तातील साखर कमी होणे ही त्यांपैकी काही. रक्तातील कॅल्शियम घटणे हे असेच एक महत्त्वाचे कारण असून ते पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहे.

आईकडून मिळणारी ठेव

पूर्ण दिवसांच्या बालकाच्या शरीरात जन्मतः सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील बहुतांश भाग गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत वारेतून मिळालेला असतो. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बालकाची ही शिदोरी तोकडी पडते. नाळ कापताच हा पुरवठा थांबतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातील कॅल्शियम स्वाभाविकपणे उतरते. पुढे बालकाच्या परावटू ग्रंथी कार्य करू लागल्या, की ते पुन्हा सावरते. पूर्ण दिवसांच्या बालकात हे प्रमाण १०० मिलिलिटर रक्तद्रवात ८ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास ते कमी समजतात.

आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. बालकाचा त्याचा साठाही आईकडूनच येतो आणि तो सामान्यतः आईच्या साठ्याहून कमी असतो. आईजवळच उणीव असेल, तर बालक रिक्तहस्ते जगात येते. आईचे दूध सर्वश्रेष्ठ अन्न होय. परंतु त्यात ‘ड’ जीवनसत्त्व अत्यल्प असते. गाई-म्हशीच्या वरच्या दुधात फॉस्फरस फार असल्याने, ते पाजल्यास रक्तातील कॅल्शियम उलट घटू शकते.

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील डॉक्टरांनी १९७३ साली हा संबंध दाखवून दिला. ज्या मातांना गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत ऊन कमी मिळाले, त्यांच्या बालकांत अशा झटक्यांचे प्रमाण अधिक आढळले. पुढे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या तेथीलच अभ्यासात, गर्भारपणी रोज ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्व घेतलेल्या मातांच्या बालकांत कॅल्शियम घटण्याचे प्रमाण सुमारे निम्मे दिसून आले.

उन्हाच्या देशात उणीव का?

आपल्याकडे ऊन मुबलक असूनही गर्भवती स्त्रियांत ही उणीव सर्रास आढळते. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होण्यास अतिनील किरण प्रत्यक्ष अंगावर पडावे लागतात. घरातच जाणारा दिवस, अंगभर वस्त्रे, दाटीवाटीची वस्ती आणि धुराने भरलेली हवा यांमुळे ते पुरेसे मिळत नाहीत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हातही हे किरण अल्पच असतात. तान्ह्या बालकास प्रखर उन्हात ठेवणे योग्य नव्हे. म्हणून केवळ उन्हावर विसंबता येत नाही.

करावयाचे उपाय

केंद्र शासनाच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गर्भारपणाच्या १४ व्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० एकक ‘ड’ जीवनसत्त्व असते. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची गोळी तिच्यासोबत न घेता दोघींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

बालकास जन्मानंतर लवकरात लवकर आईचे दूध द्यावे आणि वरचे दूध कटाक्षाने टाळावे. पहिल्या वर्षी रोज ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस बालरोगतज्ज्ञ करतात. निरनिराळ्या औषधांत थेंबांची तीव्रता वेगवेगळी असते. यास्तव मात्रा डॉक्टरांकडून समजावून घ्यावी. अतिरिक्त मात्रा अपायकारक ठरते. मोठ्यांसाठी असलेली ६०,००० एककांची पुडी स्वतःच्या मनाने बालकास कदापि देऊ नये.

बालक वारंवार थरथरत असेल, झटके येत असतील, श्वास मध्येच थांबत असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास रुग्णालयात न्यावे. रक्ताच्या तपासणीने निदान होते आणि वेळीच उपचार मिळाल्यास बालक सहसा पूर्ण बरे होते.

आशा स्वयंसेविका प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी घरभेटीस येतात. नेमके हेच दिवस या दृष्टीने मोलाचे आहेत. गर्भवतींना गोळ्या वेळेवर मिळतात काय आणि त्या पोटात जातात काय, याची विचारपूस ग्रामपंचायत सदस्यांनी करावी. झटका हा आजार आहे, कोप नव्हे, ही गोष्ट शिक्षकांनी पालकसभेत आवर्जून सांगावी. गावातील एखाद्या तान्ह्या बालकाचे प्राण एवढ्याशा दक्षतेनेही वाचू शकतात.