समजून घ्या : नाताळ ‘परदेशी’, मग त्याचा फराळ नगरी कसा?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की अहिल्यानगर (अहमदनगर) शहरातल्या आणि राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडच्या ख्रिस्ती घरांत कढई चढते. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, लाडू. दिवाळीचा फराळ नुकताच संपलेला असतो, तो पुन्हा सुरू होतो. दारावर कागदी चांदणी लागते. आकाशकंदील करणाऱ्या हातांना ती वेगळी शिकवावी लागत नाही.

तरी ‘हा तर बाहेरचा सण’ हे वाक्य दरवर्षी कुठे ना कुठे ऐकू येतेच. वर्गात, ऑफिसात, हल्ली व्हॉट्सॲपवर. मग यातले काय कुठून आले, हे एकदा पाहूच.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत ‘नाताल’ म्हणजे जन्माचा सण. सजवलेले झाड मूळचे जर्मनीचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते इंग्लंडमध्ये रुळले. आपल्याकडे सुरूची फांदीही चालून जाते.

मिशनऱ्यांनी हा सण इथे आणला का?

इथेच खरी गंमत आहे. नगरमध्ये १८३१ मध्ये आलेले मिशन अमेरिकन होते, अमेरिकन मराठी मिशन. त्याची पाळेमुळे न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेत. आणि प्युरिटनांना नाताळ मुळीच पसंत नव्हता! बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही, म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये, म्हणजे नगरचे मिशन सुरू होऊन २५ वर्षे झाल्यावर. सणाचे साहित्य पेटीत भरून आणावे, अशी ही माणसे नव्हती. घरचा सण कसा करायचा, हे इथल्या कुटुंबांनी बरेचसे आपल्याच सणांवरून ठरवले, असे म्हणायला जागा आहे.

गाण्यांत तर ते स्पष्ट दिसते. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, पदे या घाटात ख्रिस्तभक्ती लिहिली. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईतला. कामाचे ठिकाण मुख्यतः नगर जिल्हा. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये राहुरीत झाला. इंग्रजी चालींची गीते आजही गायली जातात, पण रात्री घरोघरी फिरणाऱ्या तरुणांच्या गळ्यात ढोलकी असते, हातात झांज असते. अशा वेळी इंग्रजी चालीलाही मराठी ठेका धरावा लागतो.

गव्हाणीच्या देखाव्याचे पाहा. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी जिवंत बैल-गाढव उभे करून तो पहिल्यांदा मांडल्याचे सांगतात. युरोपातल्या शहरी मुलाला गव्हाण म्हणजे काय, ते समजावून सांगावे लागेल. राहुरीच्या मुलाला? त्याच्या दारातच ती आहे, आणि तिच्यातला कडबाही. बाळ येशूला निजवायला तोच मूठभर आणतात.

राहिला फराळ. शंकरपाळीचे नावच मुळात फारसी ‘शकरपारा’वरून आल्याचे मानले जाते. पण दिवाळीच्या ताटात तिला कोणी परदेशी म्हणत नाही. नाताळच्या ताटात आली की मात्र ती नक्कल ठरते, हा हिशेब काही पटत नाही. आजी ज्या हाताने करंजीला मुरड घालते, तो हात तिने आपल्या आजीकडून घेतलेला असतो. त्या आजीच्या आजीने धर्म बदलला असेल. मुरड बदलण्याचे कारण नव्हते.

२५ तारखेला सकाळी उपासना, मग घरी मटणाचा रस्सा. दुपारी शेजारी फराळाचे डबे जातात. दिवाळीत तिकडून आलेले असतातच. केक मात्र बऱ्याच घरांत अजून बेकरीतूनच येतो.