जास्वंदीला ‘औषध’ मारताना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, संध्याकाळी सातच्या सुमारास, परतवाड्याकडच्या पन्नाशीतल्या एका बाईंना त्यांच्या मुलाने दवाखान्यात आणलं. अंग घामाने चिंब, तोंडातून लाळ, दोनतीन उलट्या झालेल्या, छातीत घरघर. मुलाच्या मते दुपारचं शिळं अन्न बाधलं होतं. डोळ्यांवर बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेतात फवारणीला गेल्या होत्या का, असं मी विचारलं.

“नाही जी, माय तं घरीच होती. अंगणातल्या जास्वंदीले पांढरी कीड लागली, म्हणून तिनं चार वाजता थोडं औषध मारलं.”

हे ‘औषध’ म्हणजे कपाशीवर मारून उरलेलं कीटकनाशक. काच पुसायच्या द्रवाच्या रिकाम्या बाटलीत, अंदाजाने पाणी घालून. बाटलीचं तोंड गळत होतं. हात कोपरापर्यंत भिजले, पदर भिजला, आणि तेच लुगडं अंगावर ठेवून बाईंनी स्वयंपाक केला. विष पोटात गेलंच नव्हतं, ते कातडीतून शिरलं होतं. अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, अंग साबणाने धुवून काढलं. सहाव्या दिवशी त्या घरी गेल्या.

वऱ्हाडात हे विष काय करतं ते नव्याने सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून शेतातल्या फवारणीबद्दल लोक निदान हातमोजे, तोंडाला फडकं एवढं तरी बोलू लागले. अंगणातल्या फवारणीबद्दल कोणी बोलत नाही. चार झाडांना एवढंसं मारायचं, त्यात काय, असं वाटतं. आपण त्याला औषध म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो.

जास्वंदीवरची ती पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखी दिसते. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली झाडं, म्हणून शेतातली कीड अंगणात आणि अंगणातली शेतात सहज जाते. २००६-०७ च्या सुमारास याच किडीच्या एका परदेशी जातीने देशभर कपाशीला हैराण केलं होतं. पुढे तिला आवर घालण्यात मोठा वाटा होता तो एनॅसियस नावाच्या एका बारीक गांधीलमाशीचा. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते, अळी त्याला आतून खाते आणि उरते एक फुगीर, तपकिरी, कडक खोळ. जास्वंदीवर अशा तपकिरी खोळी दिसल्या तर त्या काढू नका. तुमचं काम आधीच कोणीतरी करतंय, आणि विषारी फवारा पहिल्यांदा त्यालाच मारतो.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो. पाण्यातलं कीटकनाशक त्यावरून ओघळून जातं. कीड मेली नाही, की माणूस दुप्पट घालतो. रुग्णाने गोळीने ताप उतरला नाही म्हणून चार एकदम घ्याव्यात, तसंच.

आणि जास्वंद हे नुसतं बघायचं झाड नाही. फूल गणपतीला जातं, पाकळ्या केसांच्या तेलात उकळतात, कोणी चहा करून पितं. लहान मुलं फूल तोडून देठाकडचा गोड रस चोखतात, आपणही चोखलेला आहे. बाजारातली बरीच कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात, म्हणजे पानावर पडलेलं विष झाडाच्या रसात उतरतं. वरून फूल धुतल्याने ते जात नाही. किती दिवसांनी फूल वापरायचं ते लेबलवर पाहाल, तर तिथे कपाशीचा उल्लेख सापडेल, जास्वंदीचा नाही.

मग करायचं काय? आधी मुंग्या पाहा. ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना गाईसारखं पाळतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात. खोडाला चार बोटं रुंद कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन फासलं की मुंग्यांची वाट बंद होते. फांदी भिंतीला टेकत असेल तर तीही छाटा. फार माखलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर टाकू नका. उरलेल्यांवर पाइपच्या जोरदार धारेने पानाखालून पाणी मारा. कीड थोडी असेल तर इंजेक्शनआधी लावतो त्या स्पिरिटचा बोळा फिरवला तरी पुरतं.

फवारायचंच असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, आणि मेणाचा थर मोडतो तो साबणच. फवारा संध्याकाळी मारा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मारलं तर पानं करपतात. आठ दिवसांनी पुन्हा मारा, कारण अंड्यांतून नवी पिलं निघतात. कडुनिंब झाडाला चालतो म्हणून तेलाची बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत.

एक नेहमीची चूक. पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती कीड नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत झाडाला लोह मिळत नाही, हा जास्वंदीचा पांडुरोग. पाण्याचा निचरा सुधारा, कुजलेलं शेणखत भरपूर घाला. फवाऱ्याने तो बरा होत नाही.

शेतातली बाटली घरात असेलच तर ती मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली. त्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं, आणि ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेल्याचा संशय होता. लेबलवरच्या चौकटीतला खालचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल, तर ते द्रव्य अंगणात आणायचंच नाही.

अंगावर सांडलं तर लगेच कपडे काढा, साबणाने डोक्यापासून धुवा. धुणाऱ्यानेही हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत आणा. कोणतं विष ते कळलं, की आमचा अर्धा तास वाचतो.

त्या बाई पंधरा दिवसांनी तपासणीला आल्या. जास्वंद गुडघ्याएवढी ठेवून छाटली होती, खाली नवे फुटवे येत होते म्हणाल्या. मुंग्यांचं विचारलं, तर त्या तशाच चढत होत्या. कागदावर मी व्हॅसलीन लिहून दिलं; औषधवाल्याने ते हाताला लावायचं म्हणून समजावून सांगितलं, असं नंतर कळलं.