बोलून राहिलेला, न बोलता निघालेला

गीतेचा पहिला अध्याय आपल्याकडे बहुतेक जण घाईने उरकतात. पाठांतराला बारावा नाहीतर पंधरावा. पहिल्यात काय, शंख आणि योद्ध्यांची नावं. पण त्याच नावांत, आठव्या श्लोकात, दुर्योधन द्रोणांसमोर आपल्या बाजूचे निवडक वीर मोजतो. खुद्द द्रोण, भीष्म, कर्ण, कृप, अश्वत्थामा, विकर्ण, सोमदत्ताचा मुलगा. नव्व्याण्णव भाऊ पाठीशी उभे असताना दुर्योधनाच्या तोंडी त्यांतलं नाव येतं ते एकच, विकर्णाचं. आणि अख्ख्या द्यूतसभेत त्याच्या विरोधात उघड बोललेला सख्खा भाऊही हाच.

सभापर्वातला तो प्रसंग आपल्याला द्रौपदीमुळे ठाऊक आहे. तिचा प्रश्न वकिलाला शोभेल असा नेमका होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नक्की सांगता येत नाही. बाकीचे राजे दुर्योधनाच्या तोंडाकडे पाहत बसले. तेव्हा विकर्ण उभा राहिला. उत्तर द्या, म्हणून त्याने सगळ्यांना पुन्हा पुन्हा विनवलं. कोणी बोलेना, तेव्हा हात चोळत, सुस्कारा टाकत त्याने स्वतःच निवाडा दिला. शिकार, मद्य, जुगार आणि कामासक्ती या चार व्यसनांत बुडालेल्या राजाचं कृत्य ग्राह्य धरू नये. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची नाही, पाचांची आहे. तो स्वतःला आधीच हरलेला होता. शिवाय तिला पणाला लाव, हे सुचवलं शकुनीने. म्हणून ती जिंकली गेली, असं मी मानत नाही.

सभेत एकच गलका झाला. लोक विकर्णाची वाहवा आणि शकुनीची निंदा करू लागले. त्यांना गप्प केलं कर्णाने. तू पोर आहेस आणि थोरांच्या गोष्टी बोलतोस, असं विकर्णाला झापून त्याने दुःशासनाला पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं उतरवायला सांगितलं. म्हणजे विकर्णाच्या बोलण्यानंतर जे घडलं, ते आधीपेक्षाही भयंकर होतं. १९६७ साली ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आली आणि मराठी घराघरांत कर्ण आपला झाला. त्याच साली इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांत आणलं. विकर्णाच्या वाट्याला मात्र यांतलं काहीच आलं नाही. कर्णाने खाली बसवलं, तो बसूनच राहिला.

त्याच सभेत थोड्या वेळाने विदुर पापाचा हिशोब मांडतो. सभेत अधर्म घडला आणि कोणी त्याचा निषेध केला नाही, तर निम्मं पाप सभेच्या प्रमुखाला, चौथाई करणाऱ्याला आणि उरलेली चौथाई गप्प बसणाऱ्यांना. विकर्णाने आपल्या बुद्धीप्रमाणे उत्तर दिलं, आता तुम्हीही द्या, असंही तो राजांना म्हणतो. या हिशोबाने विकर्णाची पाटी कोरी आहे. मग तेरा वर्षांनी तो दुर्योधनाच्या यादीत कसा?

याचं उत्तर शोधताना दुसऱ्या एका भावाकडे पाहावं लागतं. युयुत्सु धृतराष्ट्राचाच मुलगा, पण गांधारीचा नव्हे. गांधारीचं गर्भारपण लांबलं, त्या काळात राजाच्या सेवेत असलेल्या वैश्य स्त्रीचा. शंभरांच्या मोजणीत तो येत नाही. द्यूतसभेत त्याच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही. गंमत म्हणजे गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र ‘युयुत्सवः’ हा शब्द उच्चारतो. युद्धाची इच्छा असलेले, एवढाच तिथे त्याचा अर्थ. पण आंधळ्या बापाच्या तोंडून नकळत आपल्याच मुलाचं नाव जातं, असं मला दर वेळी वाटतं.

गीता संपल्यावर, पहिला बाण सुटण्याआधी, युधिष्ठिर चिलखत उतरवतो आणि पायी जाऊन भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांचे आशीर्वाद घेतो. परतताना दोन्ही सैन्यांच्या मधे उभा राहून हाक देतो: आमच्या बाजूला कोणाला यायचंय? त्या अफाट सैन्यातून एकटा युयुत्सु पुढे होतो. चोरून, रात्रीच्या अंधारात नव्हे. दुंदुभी वाजवत, भावांच्या देखत. युधिष्ठिर त्याला म्हणतो, ये. धृतराष्ट्राचा वंश आणि त्याचं पिंडदान आता तुझ्यावरच दिसतंय.

सभेत बोलला तो राहिला आणि गप्प होता तो निघाला. मी बरेच दिवस याचा सोपा अर्थ लावत होतो. युयुत्सुला त्या घराने कधी आपलं मानलंच नव्हतं, त्याला उंबरठा ओलांडायला काय जातंय? पण मग कर्णाचं काय? तोही त्या घरात बाहेरचाच. त्याला मान मिळाला आणि त्या मानाच्या ऋणात तो जन्मभर बांधला गेला. म्हणजे बाहेरचेपण माणसाला सोडवतंच असं नाही. कधी कधी तेच जास्त घट्ट धरून ठेवतं. युयुत्सुने ते धरू दिलं नाही. त्याची किंमतही मोठी होती. आपल्याकडे अशा माणसासाठी म्हण तयारच असते, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लंकेच्या बिभीषणाला राज्य मिळालं, भक्तीही मिळाली, तरी त्याचं नाव आपण मुलांना सहसा ठेवत नाही.

विकर्णाला दोष द्यायला मात्र माझी जीभ वळत नाही. आपण बहुतेक जण विकर्णच असतो. बैठकीत हिंमत करून बोलतो, मागून चार जण येऊन पाठ थोपटतात, आणि सोमवारी आपण त्याच खुर्चीत, त्याच कामाला बसतो. बोललो, एवढ्यावर मन शांत होतं. महाभारत त्या बोलण्याला कमी लेखत नाही. चौदाव्या दिवशी शंभर भाऊ मारायच्या प्रतिज्ञेपायी भीमाच्या हातून विकर्ण पडतो, तेव्हा एरवी एकेक कौरव मारून गर्जणारा भीम त्याच्यासाठी हळहळतो. बोलण्याचं फळ एवढंच, पण तेही खोटं नाही.

युयुत्सुसाठी कोणी हळहळत नाही, कारण तो मरत नाही. त्याच्या वाट्याला येतात ती मागे उरलेल्याची कामं. दुर्योधन हरल्यावर छावणीतून पळणाऱ्या कौरवस्त्रियांना तोच हस्तिनापुराला सुखरूप पोचवतो. पांडव वनात धृतराष्ट्राला भेटायला जातात तेव्हा नगर सांभाळतो. ते महाप्रस्थानाला निघतात तेव्हा परीक्षिताच्या राज्याचा भार त्याच्यावर येतो.

आणि त्याआधी, वणव्यात जळून गेलेल्या धृतराष्ट्राला पाणी द्यायला सगळे गंगेवर जातात. ज्याच्या शंभर मुलांतला एकही उरला नाही, त्या बापाला तिलांजली देताना पांडव पुढे होत नाहीत. ते युयुत्सुला पुढे करतात.