सांध्यांची झीज आणि रक्तातील पूर्वसूचना

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असणे, मूठ न वळणे, धनादेशावर सही करताना मनगट ठणकणे, या तक्रारी अनेकदा वयाच्या किंवा थंडीच्या माथी मारल्या जातात. परंतु हा आखडलेपणा तासाभराहून अधिक टिकत असेल आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर ती ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, म्हणजेच आमवाताची सुरुवात असू शकते. हा विकार ऐन उमेदीच्या वयातही जडतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवते. सुजलेले अस्तर हळूहळू कूर्चा व हाड पोखरते. ही झीज सहसा भरून येत नाही. क्ष-किरण चित्रात दिसते ती झालेली हानी; पुढे होऊ शकणाऱ्या हानीचा अंदाज घेण्यास रक्ततपासणीचे साहाय्य होते.

यांतील जुना निदर्शक म्हणजे ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’. नॉर्वेचे डॉ. एरिक वालर यांनी १९४० मध्ये त्याच्याशी निगडित निरीक्षण प्रसिद्ध केले. मात्र तो क्षय, कुष्ठरोग यांसारख्या आजारांत, तसेच काही निरोगी व्यक्तींतही आढळतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी अधिक नेमकी दिशा दाखवली. प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झाले, की आमवाताच्या अनेक रुग्णांचे शरीर त्यांविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते. ‘अँटी-सीसीपी’ चाचणी तीच शोधते. ही प्रतिद्रव्ये लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीही रक्तात असू शकतात. दोन्ही निदर्शक मोठ्या प्रमाणात आढळल्यास हाडे झिजण्याचा धोका अधिक समजला जातो.

ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या दाहाची तीव्रता सांगतात. उपचारांनंतरही त्यांचे आकडे सतत चढे राहिले, तर सांध्यांची हानी चालूच असण्याची शक्यता असते. २०१० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-निकषांत या चारही तपासण्यांना स्थान आहे.

तथापि अहवाल म्हणजे भविष्यवाणी नव्हे. काही रुग्णांत दोन्ही प्रतिद्रव्ये आढळत नाहीत, तरीही आजार असतो. उलट, केवळ अहवाल सकारात्मक आल्याने आजार सिद्ध होत नाही. सांध्यांची प्रत्यक्ष तपासणी व अहवाल यांची सांगड संधिवाततज्ज्ञच घालू शकतात.

धोका अधिक दिसल्यास मेथोट्रेक्सेटसारखी, आजाराची गती रोखणारी औषधे लवकर सुरू करता येतात. हे औषध या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. उपचारकाळात यकृत व रक्तपेशींची नियमित तपासणी आवश्यक ठरते. धूम्रपान सोडणेही हिताचे, कारण त्याचा या प्रतिद्रव्यांशी संबंध आढळला आहे.

वेदनाशामक गोळी दुखणे दडपते, पण हाडाची झीज थांबवत नाही. म्हणूनच सांध्यांची सूज काही आठवडे टिकल्यास वेळ न दवडता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. या पूर्वसूचनेचे मोल ती वेळेत मिळण्यातच आहे.