दुकानाची काच : मजबूत कोणती, सुरक्षित कोणती?

कापडाच्या दुकानात आता दरवाजा, दर्शनी भाग, जिन्याचा कठडा, सगळीकडे काच आली आहे. काच घेताना आपण दुकानदार मंडळी भाव विचारतो, फार तर "मजबूत आहे ना?" एवढे विचारतो. खरा सवाल वेगळा आहे. काच फुटली, तर जवळ उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे काय होईल?

साधी काच फुटली की सुरीसारखे लांब, धारदार तुकडे पडतात. म्हणून दरवाजाला ती लावूच नये.

टफन्ड काच : साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे ती चार-पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर बारीक, बोथट खडे होतात. मात्र तयार झाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. शिवलेल्या कपड्याचे माप निदान थोडे फिरवता येते, इथे तेही नाही! तेव्हा कुलूप-बिजागरीच्या भोकांसह माप आधीच पक्के द्यावे. कडेवर बसलेला घाव तिला सोसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

लॅमिनेटेड काच : दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. ६.३८ मिलिमीटरची काच म्हणजे तीन-तीन मिलिमीटरच्या दोन काचा आणि ०.३८ चा पडदा. तडे गेले तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, काच खाली कोसळत नाही. चोरालाही आत शिरायला वेळ लागतो.

जाळीची काच : आगीत तडकली तरी तारेमुळे जागेवर टिकते. पण तार आहे म्हणून ती मजबूत, हा गैरसमज आहे. धक्क्याला ती साध्या काचेपेक्षा कमजोर असते आणि तुटलेल्या तारा हात फाडतात.

मग निवड कशी करावी? ये-जा असलेल्या दरवाजाला टफन्ड. डोक्यावरच्या छताला लॅमिनेटेडच, कारण टफन्डचे खडेही उंचावरून एकगठ्ठा पडले तर इजा होते. वरच्या मजल्याच्या कठड्याला टफन्ड काचांचीच लॅमिनेटेड घ्यावी.

काचेवर आयएस २५५३ (भाग १) ची खूण पाहूनच पैसे मोजावेत. बसवल्यावर डोळ्यांच्या उंचीवर पट्टी चिकटवावी, म्हणजे घाईत कुणी काचेवर आपटणार नाही. भावातला फरक एकदाच सोसावा लागतो. गिऱ्हाइकाच्या मुलाला झालेली जखम मात्र कोणत्याही वहीत जमा-खर्च करून मिटत नाही.